मागचा कॉइलओव्हर पुन्हा पुन्हा गळतो, आदळतो, माउंट फोडतो? नवा शॉक घेण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीला मागे कॉइलओव्हर (म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर आणि त्याच्यावरच चढवलेली कॉइल स्प्रिंग) बसवले, काही महिने झकास चालले आणि मग एका बाजूचा शॉक गळू लागला. नवा आणला, तोही त्याच बाजूला गळला. कुणाचा शॉक गळत नाही, पण प्रत्येक गतिरोधकावर ‘धाड’ असा आवाज येतो. कुणाच्या डिकीच्या पत्र्यावर वरच्या माउंटभोवती रंगाला बारीक तडा जातो, वेल्डिंग करून घेतलं की पुढच्या पावसाळ्याआधी तो परत उगवतो. तिन्ही तक्रारी वेगळ्या दिसतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: शॉक चुकीच्या लांबीवर किंवा चुकीच्या दिशेने धरलेला असतो. शॉक बदलून हे जात नाही, कारण नवा शॉकसुद्धा त्याच ब्रॅकेटमध्ये जाऊन बसतो.

आधी मूळ गाडीत काय होतं ते लक्षात घ्या. बहुतेक जुन्या गाड्यांत मागे अखंड ॲक्सल असतो, त्याखाली किंवा त्यावर कमानपाटे असतात आणि शॉक वेगळा लावलेला असतो. गाडीचं वजन पाटे उचलतात. शॉकचं काम फक्त उसळी शमवण्याचं, म्हणून त्याचं वरचं माउंट तेवढ्याच ताकदीचं केलेलं असतं: पत्र्यातलं एक भोक किंवा एका बाजूने धरलेला खुंटीसारखा बोल्ट. १९६४ ते १९७२ च्या शेव्हरले शेव्हेलसारख्या गाड्यांत मागे कॉइल स्प्रिंग असली, तरी ती शॉकपासून वेगळी, ॲक्सल आणि चासीच्या मधे बसते. कॉइलओव्हर लावला की स्प्रिंग शॉकवर चढते आणि जे माउंट कधी गाडी तोलायला बनवलंच नव्हतं, त्याच्यावर गाडीच्या मागच्या भागाचं अख्खं वजन येतं. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये कारखान्यातूनच मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन कॉइल-शॉक जोड्या होत्या, पण तिथे त्या धरणारा वेगळा पोलादी सांगाडा सुरुवातीपासून त्या भारासाठी आखलेला होता. आपण रूपांतर करतो तेव्हा तो विचार आपल्यालाच करावा लागतो.

शॉक काय सांगतो ते वाचा

गाडी उचलण्याआधी दोन्ही शॉकच्या रॉडला एकेक प्लास्टिकचा टाय आवळा आणि तो खाली शॉकच्या बॉडीला टेकवून ठेवा. रॉड बम्प रबराने (शॉक तळाला जाण्याआधी धक्का झेलणारं रबर) किंवा धूळझाकणाने झाकलेला असेल, तर जेवढा भाग उघडा दिसतो तेवढ्यावर जाड ग्रीसचा पातळ थर लावा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसह एक फेरी मारा. टाय बम्प रबरापर्यंत जाऊन चेपलेला सापडला, तर शॉक तळाला जातोय. टाय जेमतेम हलला आणि तरीही आवाज येतोय, तर आवाज बुश (बोल्टभोवतीचं अस्तर), बोल्ट किंवा सैल स्प्रिंगचा आहे.

मग गळतीकडे बघा. बॉडीच्या वरच्या टोकाला तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर धूळ चिकटलेली, एवढं चालतं. थेंब ओघळून खाली आलेला असेल तर ती गळती. रॉड स्वच्छ पुसून उजेडात फिरवून पाहा. झीज चारी बाजूंनी सारखी असेल तर धूळ-चिखलाने सील खाल्लं. एकाच बाजूला उभी चकचकीत पट्टी किंवा ओरखडे असतील, तर शॉक वाकडा ओढला जातोय आणि रॉड सीलवर आडवा दाबतोय. ही पट्टी दिसली की शॉकच्या कंपनीवर राग काढू नका, ब्रॅकेटकडे वळा. रबर बुश एका कडेने बाहेर फुगलेलं असेल तर तोच पुरावा अजून पक्का होतो.

स्प्रिंग काढून ॲक्सल हलवा

माझ्या मते हीच खरी तपासणी, आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी वगळली जाते, कारण तिला अर्धा दिवस जातो.

चासीखाली भक्कम स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. शॉक खाली उतरवून कॉलर (शॉकच्या आट्यांवर फिरणारी, स्प्रिंगला आधार देणारी कडी) पूर्ण सैल करा. स्प्रिंगमध्ये अजून ताण असेल तर कंप्रेसर लावल्याशिवाय वरची सीट काढायची नाही. आता स्प्रिंगशिवाय नुसता शॉक परत जागेवर लावा आणि ॲक्सलखाली जॅक ठेवून तो पूर्ण खालून पूर्ण वरपर्यंत हळूहळू न्या. दोन्ही बाजू एकत्र वर, दोन्ही खाली, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एक बाजू वर तर दुसरी खाली. ज्यांच्या गाडीत पाटे अजून आहेत त्यांनी पाट्यांचा ताण ध्यानात ठेवून हे सावकाश करावं. प्रत्येक टप्प्यावर शॉक हाताने पकडून त्याच्याच आसाभोवती थोडा फिरवून पाहा. मोकळा असेल तर हलतो. बुश अडकलं असेल तर शॉक दगडासारखा घट्ट लागतो, आणि रस्त्यावर नेमक्या त्याच जागी रॉड वाकत असतो.

इथे बोल्टची दिशा महत्त्वाची ठरते. समजा मागच्या चाकांतलं अंतर १३५० मिलिमीटर आहे आणि एक चाक ७५ मिलिमीटर वर, दुसरं तेवढंच खाली गेलं. ॲक्सल गाडीच्या तुलनेत सुमारे ६ अंश तिरका होतो. खालचा बोल्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे असेल, तर शॉकचा डोळा (टोकाची, बोल्ट जाणारी कडी) बोल्टभोवती सहज फिरतो. बोल्ट ॲक्सलला समांतर आडवा असेल, तर हे सगळे ६ अंश बुशला पिळून सोसावे लागतात. पाट्यांमुळे ॲक्सल थोडा पुढे-मागेही सरकतो, पण १५ मिलिमीटर सरकला तरी ३५० मिलिमीटर लांबीच्या शॉकला त्यातून अडीच अंशांच्या आसपासच तिरकेपणा येतो. म्हणून अखंड ॲक्सलवर खालचा बोल्ट पुढे-मागे ठेवणं बरं, उरलेले दोन-तीन अंश रबर सांभाळून घेतं.

पॉलियुरेथेन बुश इथे फार दगा देतं. ते टिकाऊ म्हणून लोक आवडीने लावतात आणि बोल्टभोवती फिरायला ते ठीकही आहे, पण बाजूला कलायला ते जवळजवळ नकार देतं. गोलाकार बेअरिंगचा डोळा हवा तसा कलतो, दोन्ही बाजूंना निमुळते स्पेसर दिले तर अजून जास्त. पण धुळीत तो लवकर खडखडू लागतो आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आत पोचवतो. रोज चालवायच्या गाडीला मी खाली धूळझाकण असलेलं गोलाकार बेअरिंग आणि वर रबर, अशी जोडी सुचवेन. बोल्टच्या दिशा बरोबर असतील तर दोन्हीकडे रबरही पुरतं.

जॅक वर-खाली करताना आजूबाजूलाही बघा: टायर, एक्झॉस्ट पाइप, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल. टायर आणि स्प्रिंगमध्ये पूर्ण चढाव-उतारात किमान १५ मिलिमीटर तरी मोकळे हवेत. गळती नेहमी एक्झॉस्टच्याच बाजूला होत असेल, तर उष्णता अडवणारा पत्रा लावून बघायला हवा.

लांबी: इथेच सगळ्यात जास्त बिघडतं

शॉक निवडताना लोक आधी स्प्रिंगचा कडकपणा विचारतात. आधी विचारायला हवी लांबी.

एक उदाहरण घेऊ. शॉक पूर्ण उघडा असताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंत ४०५ मिलिमीटर, पूर्ण मिटल्यावर २७५. म्हणजे चाल १३० मिलिमीटर. रस्त्यावरच्या गाडीत उभ्या स्थितीत शॉक या चालीच्या साधारण ४० टक्के मिटलेला असावा, म्हणजे ५२ मिलिमीटर. राहिले ७८ मिलिमीटर खड्ड्यासाठी, ५२ चाक खाली लोंबायला. म्हणून गाडी नेहमीच्या उंचीवर उभी असताना वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर ३५३ मिलिमीटर हवं. सगळी आखणी या एका आकड्याभोवती करायची.

आता काय होतं ते पाहा. कॉइलओव्हरची मोठी जाहिरात म्हणजे कॉलर फिरवून गाडी बसकी करता येते. कुणी कॉलर सैल करून गाडी ५० मिलिमीटर खाली आणतो. दिसते छान, पण बोल्टमधलं अंतर ३०३ झालं आणि खड्ड्यासाठी उरले फक्त २८. त्यात बम्प रबर ३० मिलिमीटर उंचीचं असेल तर गाडी उभी असतानाच रबरावर बसलेली आहे. मग ती ‘धाड’ कसली, हे वेगळं सांगायला नको. पिस्टन तळावर आदळत राहिला तर तळाची झडप आणि सील दोन्ही जातात, वरच्या माउंटला तडेही याच धक्क्यांनी पडतात.

गाडी खाली आणायची तर ब्रॅकेट सरकवा. ॲक्सलवरच्या खालच्या ब्रॅकेटला दोन-तीन भोकं ठेवली की शॉकची लांबी ३५३ च्या आसपास राखून गाडीची उंची बदलता येते. कॉलर फक्त शेवटच्या १०-१५ मिलिमीटरच्या जुळणीसाठी. आणि हो, कॉलर आवळल्याने सरळ गुंडाळीची स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. हा गैरसमज इतका पसरला आहे की मऊ वाटणारी गाडी ‘कडक’ करण्यासाठी लोक कॉलर वर चढवतात आणि मग चाक लोंबायला जागाच राहत नाही. अशी गाडी उंचवट्यावरून उतरताना शॉक पूर्ण ताणला जाऊन वरून ठोकतो. तो आवाज वेगळा असतो, कोरडा आणि बारीक.

पूर्ण ताणलेल्या टोकाला शॉकने ॲक्सल टांगून धरू नये. त्यासाठी नायलॉनचा पट्टा लावा, तो शॉक पूर्ण उघडण्याच्या ५-६ मिलिमीटर आधी ताणला गेला पाहिजे.

स्प्रिंगचं गणित

गाडीच्या मागच्या भागाचं वजन वजनकाट्यावर करून घ्या. त्यातून ॲक्सल, चाकं, ब्रेक यांचं वजन वजा करा, कारण ते स्प्रिंगवर नसतं. समजा मागे ६५० किलो भरलं, ॲक्सल आणि चाकं १५० किलो. उरले ५००, प्रत्येक बाजूला २५०. शॉक १५ अंश तिरका असेल तर शॉकच्या दिशेने येणारा भार सुमारे २५९ किलो, म्हणजे २५४० न्यूटन.

२६ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग घेतली, जी अमेरिकी मोजमापात साधारण १५० पौंड प्रति इंच होते, तर ती या भाराखाली ९८ मिलिमीटर दबेल. त्यातले ५२ शॉक मिटल्यामुळे येतात, उरलेले ४६ मिलिमीटर कॉलरने आधीच दाबून ठेवायचे. स्प्रिंगची मोकळी लांबी ३०५ मिलिमीटर असेल, तर शॉक पूर्ण मिटल्यावर ती १२९ मिलिमीटरवर येते. स्प्रिंगच्या कडा (वेटोळी) एकमेकींना टेकतात ती उंची याहून नक्की कमी असली पाहिजे. ती उंची विकत घेण्याआधी स्प्रिंगच्या तक्त्यात पाहा. कडा टेकल्या की स्प्रिंग लोखंडाचा ठोकळा होते आणि सगळा धक्का माउंटवर जातो. बम्प रबराने त्याआधीच गाडी थांबवायला हवी. या आकड्यांनी गाडीच्या मागच्या भागाची उसळण्याची वारंवारता सेकंदाला सुमारे १.६ येते. रस्त्यावरच्या गाडीसाठी ती घट्टपणाकडे झुकलेली, पण सुसह्य. आराम हवा असेल तर २० न्यूटनच्या आसपास उतरा, मात्र तेव्हा आधीचा दाब वाढतो आणि कडा टेकण्याचा हिशेब नव्याने करावा लागतो.

पाटे तसेच ठेवून वर कॉइलओव्हर लावायचा विचार असेल तर थांबा. दोन्ही स्प्रिंगांचा कडकपणा मिळवला जातो, गाडी मागून उचलली जाते आणि ती खाली आणायला कॉलर सैल केली की स्प्रिंग लोंबताना सीटमध्ये खडखडते. पाटे ठेवायचे तर साधा चांगला शॉक लावा. पाटे काढायचे तर ॲक्सल जागेवर धरणारे दांडे आणि त्याला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड किंवा वॉट जोडणी हवीच, कारण पाटे वजनाबरोबर ॲक्सलची जागाही सांभाळत होते.

कोन आणि ब्रॅकेट

शॉक तिरका झाला की चाकापाशी जाणवणारा कडकपणा कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटतो. १५ अंशाला ९३ टक्के उरतो, २० ला ८८, ३० ला ७५, आणि ४५ अंशाला निम्मा. शिवाय वरचं टोक आत झुकवलेलं असेल तर ॲक्सल वर येताना शॉक आणखी आडवा होतो, म्हणजे भार वाढतो तसतशी पकड ढिली होते. जागा मिळत नाही म्हणून ३५-४० अंशांवर बसवलेले कॉइलओव्हर मी अनेक गाड्यांत पाहिले आहेत. त्यांच्यावर कडक स्प्रिंग चढवत जाणं हा उपाय नाही. १० ते २० अंशांत राहा, आणि खालचे डोळे टायर जितकी मुभा देईल तितके बाहेर न्या. दोन्ही शॉकमधलं अंतर चाकांच्या अंतराच्या दोन-तृतीयांश असेल तर वळणावर गाडी कलताना स्प्रिंगचा निम्म्याहून कमी उपयोग होतो.

आता तो एका बाजूने धरलेला बोल्ट. १२ मिलिमीटरचा बोल्ट, शॉकचा मध्य ब्रॅकेटपासून ४० मिलिमीटर बाहेर. वरच्या उदाहरणातला नुसता उभा भार घेतला तरी बोल्टच्या मुळाशी वाकवणारा ताण ६०० मेगापास्कलच्या जवळ जातो. ८.८ दर्जाचा बोल्ट ६४० ला कायमचा वाकू लागतो. एका खड्ड्यात भार दुप्पट झाला की संपलंच. म्हणून कॉइलओव्हरचा डोळा ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये (दोन बाजूंच्या पट्ट्यांमध्ये) धरलेलाच हवा, वर आणि खाली दोन्हीकडे. बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत भाग दोन्ही कानांतून पार गेला पाहिजे, कानात आटे बसले तर ते भोक करवतीसारखं खातात.

वरचे कान डिकीच्या पत्र्याला जोडायचे नाहीत. चासीच्या दोन्ही लांब तुळयांना जोडणारी जाड नळीची आडवी तुळई टाका आणि कान तिच्यावर वेल्ड करा. चासी वेगळी नसेल, पत्र्याचीच असेल, तर तुळईच्या टोकांना मोठ्या पट्ट्या लावून भार पसरवा, पट्ट्यांचे कोपरे गोल करा. तडा चौकोनी कोपऱ्यातूनच सुरू होतो. जुना तडा नुसता भरून घेणं म्हणजे रोग तसाच ठेवून जखम झाकणं. वेल्डिंग करताना शॉक काढून ठेवा आणि बॅटरी सोडा.

बसवताना

दुहेरी नळीचा शॉक खोक्यात आडवा पडलेला असतो तेव्हा त्याच्या आतल्या नळीत हवा शिरते. लावण्याआधी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण उघडा-मिटा, नाहीतर पहिल्या काही किलोमीटरभर ठकठक ऐकू येईल आणि उगाच माउंटवर संशय जाईल. असा शॉक उलटा लावता येत नाही. गॅस आणि तेल पिस्टनने वेगळं केलेल्या एकेरी नळीच्या शॉकला ही अडचण नसते.

रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत लोंबत असताना पक्के आवळू नका. आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागे-पुढे ढकलून बसू द्या, आणि मग उभ्या उंचीवर टॉर्क पान्याने आवळा. लोंबताना आवळलेलं बुश गाडी उभी राहिल्यापासूनच पिळलेलं असतं, ते वर्षभरात फाटतं आणि पुन्हा ठकठक सुरू होते. इतक्या साध्या गोष्टीने चांगली जुळणी वाया जाते, ते पाहून वाईट वाटतं.

कॉलर फिरवण्याआधी गाडी उचलून स्प्रिंगचा भार कमी करा, आटे ब्रशने साफ करा, त्यांना न जॅम होणारं ग्रीस लावा. भार असताना सी-पाना मारला की ॲल्युमिनियमचे आटे सोलले जातात. शॉकला कडकपणाची चकती असेल तर सगळ्यात मऊपासून सुरू करा आणि मागचा भाग उसळून एकदाच स्थिरावेपर्यंत एकेक खट वाढवा.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर उंची परत मोजा, स्प्रिंग थोडी बसते. प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची रेघ ओढलेली असेल तर सैल झालेला नट नुसत्या नजरेने कळतो. प्लास्टिकचा टाय परत रॉडवर चढवा. तो बम्प रबराच्या अलीकडेच थांबत असेल, शॉक ॲक्सलच्या प्रत्येक स्थितीत हाताने हलत असेल आणि तरीही तेल येत असेल, तर मात्र दोष शॉकचाच. तो दुरुस्तीला देताना रॉडवरची झीज कोणत्या बाजूला आहे ते खुणेने दाखवून द्या, म्हणजे समोरच्याला सील बदलण्यापुरतं न थांबता रॉडचं क्रोम आणि आतलं मार्गदर्शक बुशही तपासता येईल.